पेडण्याच्या किनाऱ्यावरची लाट आणि तिचा अंदाज

गोव्याच्या उत्तर टोकाला, तेरेखोल आणि शापोरा या दोन नद्यांच्या मुखांमध्ये, पंधरा किलोमीटरहून कमी अंतरात केरी, हरमल, मांद्रे, आश्वे आणि मोरजी हे किनारे एकापाठोपाठ एक लागतात. पेडणे तालुक्याची ही किनारपट्टी सिंधुदुर्ग जिल्ह्याला लागून आहे. तेरेखोल ओलांडली की रेडी आणि शिरोडा. तळाशी वाळू, हळूहळू खोल होत जाणारे पाणी आणि वर्षाचा मोठा काळ शिकाऊ माणसाला झेपेल अशी लाट यांमुळे सर्फिंग शिकवणाऱ्या शाळा आश्वे-मांद्रे पट्ट्यात रुजल्या. जानेवारी २०२३ मध्ये याच तालुक्यातील मोपा येथे नवा विमानतळ सुरू झाला. नागपूरहून मडगावला कोकण रेल्वेच्या मार्गाने विशेष गाडीही धावत आली आहे. त्यामुळे समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर वाढलेली विदर्भातील तरुण मंडळी आता थेट या लाटांपाशी पोचतात.

विदर्भातल्या माणसाची हवामानाची जाण आकाशाशी बांधलेली असते. ढग, पाऊस, मे महिन्यात पंचेचाळीस अंशांवर जाणारा पारा, ही त्याची मोजमापे. समुद्राला ती पुरत नाहीत. किनाऱ्यावर अत्यंत धोकादायक लाट निरभ्र आकाशाखाली, वारा पडलेला असतानाही येऊ शकते. ती ज्या वादळात जन्मली ते वादळ हजारो किलोमीटर दूर असते आणि लाट पोचेपर्यंत बहुधा शमलेलेही असते. म्हणून लाटांचा अंदाज हा पावसाच्या अंदाजापेक्षा वेगळा विषय आहे आणि तो वेगळाच वाचावा लागतो.

वारा पाण्यावर घासत गेला की लाट उठते. तिची उंची तीन बाबींवर ठरते: वाऱ्याचा वेग, तो किती वेळ वाहिला आणि किती लांबीच्या मोकळ्या पाण्यावरून वाहिला. नागपूरच्या फुटाळा किंवा अंबाझरी तलावावर वळवाच्या पावसाआधीचा वारा कितीही जोरात सुटला, तरी वीत-दोन वीत उंचीपलीकडे पाणी उसळत नाही, कारण त्या वाऱ्याला मिळणारे पाणी फार तर एक-दोन किलोमीटरचे असते. ताशी ६० किलोमीटरचा तोच वारा हजार किलोमीटर खुल्या समुद्रावरून दोन दिवस सतत वाहिला, तर पाच-सहा मीटरच्या लाटा तयार होतात.

वाऱ्याच्या पट्ट्यात असताना लाटा वेड्यावाकड्या असतात. लहान-मोठ्या, वेगवेगळ्या दिशांच्या, एकमेकींवर चढलेल्या. तो पट्टा सोडून त्या पुढे निघाल्या की वाटेतच त्यांची निवड होत जाते. खोल पाण्यात लांब लाट वेगाने जाते आणि आखूड लाट मागे पडते. काही दिवसांच्या प्रवासानंतर किनाऱ्यावर येतात त्या एकसारख्या, एकामागून एक, ठरावीक अंतराने चालणाऱ्या लाटा. त्यांना सर्फिंग करणारे आणि हवामानशास्त्रज्ञ दोघेही ‘स्वेल’ म्हणतात. लाटेवर स्वार होण्यासाठी लागते ती हीच लाट. जवळच्या वाऱ्याने उठवलेल्या खळबळीत बोर्डवर नीट उभे राहता येत नाही.

स्वेलची ओळख उंचीइतकीच तिच्या आवर्तकालाने होते. लाटेचा एक माथा गेल्यापासून दुसरा येईपर्यंतचा सेकंदांतील काळ म्हणजे आवर्तकाल. खोल समुद्रात लाटांच्या गटाचा ताशी वेग काढायचा, तर सेकंदांतील आवर्तकालाला सुमारे २.८ ने गुणावे. उत्तर किलोमीटरमध्ये मिळते. अठरा सेकंदांची लाट ताशी सुमारे ५० किलोमीटरने पुढे सरकते, बारा सेकंदांची सुमारे ३४ किलोमीटरने. दक्षिण हिंदी महासागरात ४० अंश दक्षिण अक्षांशाच्या आसपास वादळ झाले, तर तिथून पेडण्याच्या किनाऱ्यापर्यंतचे अंतर सहा हजार किलोमीटरांच्या घरात भरते. अठरा सेकंदांची लाट ते पाच दिवसांत कापते, बारा सेकंदांच्या लाटेला सात दिवसांहून अधिक लागतात. म्हणजे एकाच वादळाच्या लाटा किनाऱ्यावर दोन-अडीच दिवस पसरून येतात. आधी कमी उंचीच्या पण फार लांब, मग उंच आणि मध्यम लांबीच्या, शेवटी आखूड. समुद्रात तरंगणाऱ्या बोयाच्या नोंदीत अचानक अठरा-वीस सेकंदांची बारीकशी लाट दिसू लागली, की पुढच्या दिवसांत काय येणार याची ती आगाऊ वर्दीच असते.

हे गणित कागदावरच राहिलेले नाही. वॉल्टर मंक आणि हॅराल्ड स्वेरड्रुप या दोघांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, सैन्य किनाऱ्यावर उतरवण्याच्या मोहिमांसाठी, लाटांचा अंदाज बांधण्याची पद्धत तयार केली. नॉर्मंडीच्या मोहिमेतही तिचा उपयोग झाला. पुढे १९६३ मध्ये मंक यांनी प्रशांत महासागराच्या आरपार मोजणी केंद्रे उभारून दक्षिणेकडील वादळांतून निघालेली लाट अलास्कापर्यंत पोचल्याचे दाखवून दिले. आज मोबाइलवर दिसणाऱ्या सर्फिंगच्या अंदाजामागे या दोन कामांचा पाया आहे.

अंदाजात दिलेली उंची ही ‘लक्षणीय लाट उंची’ असते, म्हणजे सर्व लाटांपैकी सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी. ही व्याख्या समजली नाही तर आकडा फसवतो. अंदाज दीड मीटरचा असेल, तर बहुतेक लाटा त्याहून लहान असतील, पण अधूनमधून अडीच-तीन मीटरची लाटही येईल. शिवाय नुसती उंची लाटेचे बळ सांगत नाही. लाटेतील ऊर्जेचा ओघ उंचीच्या वर्गाच्या आणि आवर्तकालाच्या प्रमाणात वाढतो. एक मीटर उंच आणि सहा सेकंदांची लाट किनाऱ्याच्या प्रत्येक मीटरला साधारण तीन किलोवॅट शक्ती आणते. तेवढ्याच उंचीची चौदा सेकंदांची लाट सातच्या आसपास. भर पावसाळ्यातील साडेतीन मीटर आणि नऊ सेकंदांची लाट पन्नास किलोवॅटच्याही पुढे जाते. ‘लाट एक मीटर’ एवढेच वाचून पाण्यात उतरणाऱ्याने अंदाजाचा निम्माच भाग वाचलेला असतो.

किनारा जवळ आला की तळ लाटेवर परिणाम करू लागतो. लाटेच्या लांबीच्या निम्म्यापेक्षा पाणी उथळ झाले, की तिला तळ जाणवतो. दहा सेकंदांच्या लाटेची लांबी खोल पाण्यात सुमारे १५६ मीटर असते, म्हणजे सुमारे ७८ मीटर खोलीपासून तिचा वेग कमी होऊ लागतो आणि माथे जवळ येऊ लागतात. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वा-दीडपट उरली, की ती फुटते. उतार सौम्य असेल तर लाट माथ्यावरून फेसाळत हळूहळू ओसरते. शिकाऊ माणसाला अशीच लाट हवी असते. उतार उभा असेल तर ती पोकळ होऊन एकदम कोसळते. पश्चिम किनाऱ्याची समुद्रबूड जमीन मुंबईपाशी फार रुंद आहे आणि दक्षिणेकडे अरुंद होत जाते. उत्तर कोकणात लाटेची बरीच शक्ती या रुंद उथळ भागावर खर्च होते. गोव्याकडे लाट त्यामानाने अधिक जोम राखून पोचते. उलट लक्षद्वीप आणि मालदीवच्या बेटांच्या रांगा थेट दक्षिणेकडून येणाऱ्या लाटेला काही अंशी आडोसा देतात.

लाट दुरून आली तरी तिचा पृष्ठभाग कसा असेल हे स्थानिक वारा ठरवतो. शाळेच्या भूगोलात शिकलेले मतलई आणि खारे वारे इथे प्रत्यक्ष उपयोगी पडतात. रात्री जमीन लवकर थंड होते आणि पहाटेपासून सकाळी आठ-नऊपर्यंत जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. पेडण्याचा किनारा साधारण पश्चिम-नैर्ऋत्येला तोंड करून आहे, म्हणून पूर्वेकडून येणारा हा वारा लाटेला समोरून भिडतो. तो तिचा माथा लवकर कोसळू देत नाही, पृष्ठभाग गुळगुळीत ठेवतो. दुपारच्या सुमारास जमीन तापली की खारा वारा सुरू होतो. मार्च ते मे या काळात तो वायव्येकडून चांगलाच जोर धरतो. तासाभरात पाण्यावर बारीक खळबळ माजते आणि सकाळची देखणी लाट दुपारी ओळखू येत नाही. या किनाऱ्यावरचे शिकवणीचे वर्ग पहाटे का भरतात, त्याचे हे कारण.

भरती-ओहोटी हा अंदाजाचा सर्वांत भरवशाचा भाग, कारण तो चंद्र-सूर्याच्या गतीवरून वर्षभर आधी काढता येतो. पश्चिम किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती येते, दोन भरत्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटांचे अंतर असते, म्हणून वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासून समुद्रपातळी नोंदवली जात आहे; जगातील दीर्घ नोंदींमध्ये तिची गणना होते. कोकणातील कोळी आणि खलाशी पंचांगावरून वेळ काढतात: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठ गुणिले पाऊण, म्हणजे सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. हे गणित मुंबईच्या बाजूला बरेच जुळते, गोव्यात भरती साधारण तासभर आधी होते. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटीच्या पाण्यात चार मीटरांहून अधिक फरक पडतो, गोव्यात तो दोन मीटरांच्या आसपास राहतो. दोन मीटरही वाळूच्या किनाऱ्याला पुष्कळ झाले. जी लाट ओहोटीला बाहेरच्या वाळूच्या दांड्यावर नेमकी फुटते, ती पूर्ण भरतीला त्या दांड्यावरून न फुटताच निघून जाते आणि थेट काठावर आदळते. लाट तीच, वाराही तोच, पण काही तासांच्या अंतराने पाणी पूर्ण वेगळे वागते.

वर्षभराचा विचार केला तर या किनाऱ्याचे चार स्वभाव दिसतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी समुद्र शांत असतो. लाट बहुधा एक मीटरच्या आत. अरबस्तानावरून वाहणाऱ्या ‘शमाल’ या वायव्य वाऱ्यांनी उठवलेली सहा-आठ सेकंदांची लाट अधूनमधून इथपर्यंत पोचते. किनाऱ्यावर त्या दिवशी वाऱ्याची झुळूकही नसते. पहिल्यांदा बोर्डवर उभे राहणाऱ्यासाठी हा काळ सर्वांत सोयीचा. मार्चपासून दक्षिण गोलार्धातील वादळी हंगाम वाढत जातो आणि एप्रिल-मेमध्ये लांब आवर्तकालाची स्वेल अधिक वेळा येते. सरावलेले लोक याच दिवसांची वाट पाहतात. पाणी तीस अंशांच्या आसपास उबदार आणि सकाळचा वारा अनुकूल. पण चक्रीवादळांचा पहिला हंगामही हाच. तौक्ते हे वादळ मे २०२१ मध्ये गोव्याजवळून उत्तरेला सरकत १७ मे रोजी गुजरातच्या किनाऱ्यावर धडकले आणि वाटेत साऱ्या कोकणाला त्याने झोडपले. जून २०२३ मधील बिपरजॉय तर किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर समुद्रातच रेंगाळले, तरीही कोकणातील किनाऱ्यांवर उंच लाटा आदळत राहिल्या. वादळ कच्छमध्ये जखाऊपाशी जमिनीवर आले, तेव्हा १५ जून उजाडला होता.

जून ते सप्टेंबर हा काळ स्वतंत्रपणे समजून घ्यायला हवा, कारण विदर्भाचा या समुद्राशी खरा संबंध याच महिन्यांत जुळतो. गोव्यात मोसमी पाऊस साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात पोचतो, नागपुरात आणखी दहाएक दिवसांनी. आफ्रिकेच्या सोमाली किनाऱ्यावरून अरबी समुद्र ओलांडणारा नैर्ऋत्येचा जोरदार वारा आठवडेच्या आठवडे थांबत नाही, त्यामुळे खुल्या समुद्रावर तीन-चार मीटरच्या लाटा नेहमीच्या होतात. या वाऱ्याचा जोर बंगालच्या उपसागरावर अवलंबून असतो. तिथे कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले, की ते बहुधा ओडिशा, छत्तीसगड ओलांडून विदर्भ किंवा मध्य प्रदेशाकडे सरकते. त्याच्या दक्षिणेला पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांचा ओढा वाढतो, अरबी समुद्रावरील वारा बळावतो आणि कोकण-गोव्याच्या किनाऱ्यालगत पाऊस व लाटा दोन्ही चढतात. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्रात पूर्व विदर्भासाठी मुसळधार पावसाचा इशारा लिहिला जात असतो, त्याच दिवसांत मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाचे वारे वाहतील, अशी सूचना पश्चिम किनाऱ्याला दिली जाते, ती अनेकदा या एकाच प्रणालीमुळे. गोसीखुर्द धरणाची दारे उघडल्याची बातमी वाचणाऱ्याने त्या आठवड्यात कोकणचा समुद्रही खवळलेला धरावा, हा ढोबळ अंदाज पुष्कळदा बरोबर येतो.

या काळाच्या सुरुवातीला, जून-जुलैमध्ये, यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते आणि गोव्याच्या किनाऱ्यांवर लाल बावटे लागतात. सर्फिंगही जवळपास थांबते. सप्टेंबरच्या अखेरीस वारा पडतो. नैर्ऋत्येची लाट मात्र काही दिवस येत राहते, त्यामुळे ऑक्टोबरमधील सकाळ कधी कधी वर्षातील उत्तम सकाळ ठरते. दुपारनंतर विजांसह पाऊस येण्याची शक्यता मे आणि ऑक्टोबर या दोन्ही महिन्यांत असते. गडगडाट ऐकू आला की पाण्याबाहेर पडणे हाच एक उपाय. मोकळ्या समुद्राच्या पृष्ठभागावर माणूस आजूबाजूच्या सर्व वस्तूंपेक्षा उंच असतो.

भारतात लाटांचा अधिकृत अंदाज हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रातून, म्हणजे ‘इन्कॉइस’मधून दिला जातो. १९९९ मध्ये स्थापन झालेली ही संस्था पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. समुद्रात किंवा किनाऱ्यालगत नांगरलेले बोये लाटेची उंची, आवर्तकाल आणि दिशा पाठवत राहतात. रत्नागिरीपाशीही असा बोया ठेवला गेला आहे. २०१३ मध्ये सोडलेल्या भारत-फ्रान्सच्या ‘सरल’सारख्या उपग्रहांनी वरून रडारने लाटांची उंची मोजली, तर ‘ओशनसॅट’ मालिकेतील उपग्रह समुद्रपृष्ठावरील वाऱ्याची नोंद देतात. ही माहिती आणि हवामान प्रारूपांनी वर्तवलेला वारा एकत्र करून संगणक पुढील काही दिवसांची लाट काढतो. इशाऱ्यांसाठी पिवळा, नारिंगी आणि लाल असे रंग वापरतात. जगभरचे खासगी सर्फिंग अंदाजही याच जातीच्या प्रारूपांवर चालतात. त्यांची स्वेलची बाजू सहसा चांगली जमते. किनाऱ्यालगतचा वारा मात्र चुकतो, कारण सह्याद्रीचा उतार आणि खाड्या त्यांच्या जाळीच्या चौकटींहून बारीक असतात.

दूरच्या लाटेचा इशारा किती मोलाचा असतो, हे मे २०२४ मध्ये दिसले. दक्षिण हिंदी महासागरातून मोठी स्वेल निघाल्याचे इन्कॉइसने आधीच ओळखले आणि ४ व ५ मेसाठी सूचना दिल्या. मुंबईतही महापालिकेने लोकांना किनाऱ्यापासून दूर राहण्यास सांगितले. केरळात ‘कल्लक्कडल’ म्हणून ओळखली जाणारी ही घटना आहे. ना पाऊस, ना वारा, आणि पाणी किनारा ओलांडून आत घुसते. ६ मे रोजी कन्याकुमारी जिल्ह्यातील एका किनाऱ्यावर सहलीला आलेल्या पाच वैद्यकीय विद्यार्थ्यांचा बुडून मृत्यू झाला. अंदाज होता, तो पाण्याच्या काठावर उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोचणे आणि त्याने तो मानणे, हा टप्पा अजून कच्चा आहे. या विषयात सर्वाधिक काम व्हायला हवे ते इथेच.

अंदाजाला न दिसणाऱ्या गोष्टीही आहेत. शापोरा आणि तेरेखोलच्या मुखांपाशी वाळूचे दांडे दर पावसाळ्यानंतर जागा बदलतात, म्हणून गेल्या वर्षी जिथे कमरेएवढे पाणी होते तिथे यंदा खोल नळी असू शकते. लाटा गटांनी येतात; दहा-पंधरा मिनिटे समुद्र निवांत दिसतो आणि मग पाच-सहा मोठ्या लाटांची ओळ लागते. त्यामुळे उतरण्यापूर्वी निदान वीस मिनिटे काठावर थांबून पाहणे ही सर्फिंगमधली पहिली शिस्त आहे.

त्या वीस मिनिटांत शोधायचा असतो तो परतीचा प्रवाह. लाटांनी काठाशी आणून टाकलेले पाणी परत जायला वाट शोधते आणि दोन दांड्यांमधल्या खोलगट भागातून जोराने समुद्राकडे ओढले जाते. दीर्घ आवर्तकालाच्या लाटा असतील आणि ओहोटी चालू असेल, तेव्हा ही ओढ वाढते; तिचा वेग सेकंदाला दोन मीटरपर्यंत जाऊ शकतो आणि त्याविरुद्ध निष्णात पोहणाराही टिकत नाही. अडचण अशी की वरून पाहता हीच जागा सर्वांत शांत दिसते. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात, मध्ये फेस नसतो, पाणी किंचित गढूळ किंवा गडद असते, आणि नवखा पर्यटक मुलांना घेऊन नेमका तिथेच उतरतो. सराईत सर्फर याच प्रवाहाचा उपयोग करून कमी श्रमात लाटांच्या पलीकडे जातो. अडकलेल्याने किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये. तरंगत राहावे, हात वर करून जीवरक्षकाला खूण करावी आणि शक्ती असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत फुटणाऱ्या लाटांच्या पट्ट्यात यावे, तिथून लाटाच माणसाला काठाकडे ढकलतात. बोर्ड असेल तर तो सोडू नये. बोर्डवर पोटावर पडून राहणारा माणूस तासभरही तरंगू शकतो आणि शोधणाऱ्याला लांबून दिसतो.